कूलर गार करत नाही, उष्णता वाहून नेतो



भंडारा जिल्ह्यात 'कूलर' म्हटलं की डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा आणि पाणी चढवणारी मोटर. मार्च लागला की आपण तो काढतो, ताट्या बदलतो, आणि जूनच्या पहिल्या पावसापर्यंत त्याच्या आधारानं जगतो. आज बोलायचंय ते दुसऱ्या कूलरबद्दल. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसवलेला, तळहातावर मावणारा, धातूच्या पातळ पात्यांचा एक जुडगा आणि त्याला लावलेला छोटा पंखा. नाव एकच आहे, काम मात्र निराळं. हा निराळेपणा आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

आपला ताट्यांचा कूलर खरोखरच हवा गार करतो. ताटीवरच्या पाण्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते, आणि खोलीत येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड असते. प्रोसेसरचा कूलर असं काहीच करत नाही. एका जागी निर्माण झालेली उष्णता तो दुसऱ्या जागी नेऊन सोडतो, बस. म्हणून हवेवर चालणारा असा कूलर कितीही महाग घेतला तरी तो प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत ४३ अंश असतील तर प्रोसेसर ४३ च्या वरच राहणार. किती वर, ते कूलरच्या रचनेवर आणि बांधणीवर ठरतं.

आता कुणी विचारेल की तत्त्वज्ञानाच्या मास्तरचं इथं काय काम? एखाद्या वस्तूची रचना तपासायची म्हणजे तिच्या प्रत्येक भागाला 'तू इथं कशासाठी आहेस?' असं विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या भागाकडे जायचं नाही. ही सवय आमच्याच वर्गातली आहे. आणि दुसरं कारण जास्त व्यवहाराचं. दहावी-बारावीचे निकाल लागतात ते ऐन उन्हाळ्याच्या सुमारास. मग उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, यांसाठी तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर, सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. नेमक्या त्याच दिवसांत, दुपारी दोन वाजता, केंद्रातला कॉम्प्युटर रेंगाळायला लागतो. मग निदान ठरलेलं असतं : 'जुना झाला, नवा घ्या.' कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा प्रोसेसर ठणठणीत असतो, आणि दोष असतो तो उष्णता वाहून नेणाऱ्या साखळीच्या एखाद्या कडीत. नव्या यंत्राला तीस-चाळीस हजार लागतात, कडी दुरुस्त करायला काही शे रुपये आणि अर्धा तास. हे निदान आपलं आपल्याला करता यावं, एवढ्यासाठी आजचा विषय.

उष्णता किती, आणि ती कुठे

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळपास सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होते. गिरणीच्या मोटरची वीज दळण्यात जाते, पंख्याची हवा हलवण्यात जाते. प्रोसेसर कोणतीही वस्तू हलवत नाही. त्याच्या आत कोट्यवधी सूक्ष्म स्विच उघडतात आणि मिटतात, आणि दर वेळी थोडीशी वीज उष्णतेत जमा होते. म्हणून ६५ वॅटचा प्रोसेसर ही खोलीच्या दृष्टीनं ६५ वॅटची शेगडीच समजा.

तुम्ही म्हणाल, ६५ वॅट म्हणजे काय मोठं? आपल्या घरातली इस्त्री १००० वॅटची असते. बरोबर आहे. पण इस्त्रीचा तळ साधारण १८० चौरस सेंटीमीटरचा असतो, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला पाच-साडेपाच वॅट. प्रोसेसरमधली सिलिकॉनची चकती, जिथे प्रत्यक्ष काम चालतं, ती असते दीड चौरस सेंटीमीटरच्या आसपास. करंगळीच्या नखापेक्षा जराशी मोठी. ६५ ला दीडनं भागा. एका चौरस सेंटीमीटरला ४३ वॅट. म्हणजे तेवढ्याच जागेत इस्त्रीच्या आठपट उष्णता. शिवाय इस्त्री २०० अंशांपर्यंत तापली तरी चालते, तापण्यासाठीच ती केलेली असते. प्रोसेसरला मात्र साधारण ९५ ते १०० अंशांच्या आत ठेवावं लागतं.

तेव्हा अडचण उष्णता खूप आहे ही नाही, ती फार लहान जागेत कोंडलेली आहे ही आहे. कूलरच्या संपूर्ण रचनेचा उद्देश एका वाक्यात सांगता येतो : नखाएवढ्या जागेतली उष्णता पसरवत पसरवत मोठ्या पृष्ठभागावर न्यायची आणि तिथून हवेच्या स्वाधीन करायची.

जुन्या प्रोसेसरांना हा त्रास नव्हता. १९८० च्या दशकातले बहुतेक प्रोसेसर उघडेच बसवलेले असत, वर काही लागत नसे. १९९३ साली इंटेलचा पेंटियम आला, त्याची वीज पंधरा वॅटच्या घरात गेली, आणि घरगुती कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरवर धातूचा ठोकळा आणि पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. आज साध्या यंत्रात ६५ वॅट आणि ताकदीच्या यंत्रात २०० च्या पुढे, असा हिशेब आहे.

पहिली कडी : स्पर्श

प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, त्यावर कूलरचा तळ टेकतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत दिसतात, बोटालाही तसेच लागतात. मग दोन्ही एकमेकांना पूर्ण टेकले, असं आपण धरून चालतो.

इथं मला आपल्या न्यायशास्त्रातला एक जुना दृष्टान्त आठवतो. नैयायिक म्हणतात, झाडावर माकड बसलं आहे. झाडाचा आणि माकडाचा संयोग झाला का? झाला. पण कुठे झाला? फांदीवर झाला, बुंध्याशी नाही. म्हणजे एकाच झाडात माकडाचा संयोग आहेही आणि नाहीही. यावरून त्यांनी नियम सांगितला की संयोग हा अव्याप्यवृत्ती असतो. दोन वस्तू जोडल्या गेल्या तरी तो जोड त्यांना सर्वांगानं व्यापत नाही, काही भागात असतो आणि काही भागात नसतो.

प्रोसेसर आणि कूलर यांचं अगदी हेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभागांवर उंचवटे आणि खळगे दिसतात. टेकतात ते उंचवटे. मधल्या खळग्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णता पुढे न्यायला फारच नाखूश असते. किती नाखूश ते पाहा. झाकणाचं क्षेत्रफळ नऊ चौरस सेंटीमीटर धरू. दोन्हींमध्ये ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे बारीक केसाएवढ्या जाडीचा, हवेचा अखंड थर असेल तर ६५ वॅट उष्णता त्यातून पार व्हायला सुमारे १४० अंशांचा फरक लागेल. त्याच जागी तेवढ्याच जाडीचा पेस्टचा थर असेल तर एक अंशसुद्धा पुरतो.

ही जी करडी पेस्ट असते तिचं काम एवढंच : खळग्यांतली हवा हुसकावून तिची जागा घेणं. ती तांब्यापेक्षा चांगली वाहक नाही, कित्येक पटींनी कमी आहे. म्हणून 'जास्त लावली की जास्त गार' ही समजूत उलटी आहे. थर दसपट जाड झाला तर तोच एका अंशाचा फरक सहा-सात अंशांवर जातो. मटारच्या लहान दाण्याएवढी पेस्ट मध्यभागी ठेवायची, कूलर सरळ वरून दाबायचा, दाबानं ती आपोआप पसरते. काही वर्षांत ही पेस्ट वाळते, तडकते, आणि हुसकावलेली हवा पुन्हा खळग्यांत शिरते. बाहेरून काहीच दिसत नाही. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि कडी मात्र तुटलेली.

दुसरी कडी : धातू, आणि पितळेचा प्रश्न

कूलरच्या तळाला बहुधा तांबं असतं. आपलं भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. मग इथल्या माणसाच्या मनात साहजिक येतं की पितळ का नाही? ते कणखर आहे, त्याला धार-कोर छान येते, ते ओतता येतं, आणि तांब्यापेक्षा स्वस्त आहे.

उत्तर आकड्यांत पाहू. उष्णता वाहण्याची क्षमता मोजायचं एक एकक आहे. त्यात तांब्याला साधारण ४०० गुण, शुद्ध अॅल्युमिनियमला २३५ च्या आसपास, पितळेला ११० ते १२०, आणि स्टेनलेस स्टीलला फक्त १५. पितळ म्हणजे तरी काय, दोन-तृतीयांशाच्या आसपास तांबं आणि बाकी जस्त. मग दोन-तृतीयांश तांबं असून क्षमता चौथाईच्या जवळ का घसरते?

धातूत उष्णता मुख्यतः मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या धावण्यातून वाहते. शुद्ध तांब्यात अणूंची रांग शिस्तीची असते, इलेक्ट्रॉनला लांबपर्यंत मोकळी वाट मिळते. जस्ताचे अणू मध्ये मध्ये बसले की रांग मोडते आणि इलेक्ट्रॉन पावलोपावली ठेचकाळतात. गंमत अशी की पितळेला कणखरपणा मिळतो तो याच परक्या अणूंमुळे. ज्या मिसळीनं भांडं टिकाऊ होतं तीच उष्णतेची वाट अडवते. गुण आणि दोष इथं एकाच कारणातून आले आहेत. म्हणून 'चांगला धातू कोणता?' हा प्रश्न अपुरा आहे, 'कशासाठी चांगला?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. गुंडीसाठी पितळ, कूलरच्या तळासाठी तांबं.

स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना तळाशी तांब्याचा थर का देतात, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. उष्णता एका ठिकाणी साचून भाजी लागू नये, ती तळभर पसरावी म्हणून. प्रोसेसरवरचं तांबं हेच काम करतं, फक्त उलट्या घाईत.

मग सगळाच कूलर तांब्याचा का करत नाहीत? तांबं अॅल्युमिनियमच्या तिप्पटीहून जड आहे, आणि महाग. हा कूलर उभ्या पेटीत, उभ्या सर्किट बोर्डावर आडवा लटकलेला असतो. दीड-दोन किलोचं वजन तिथं टांगलं तर बोर्ड वाकेल. म्हणून जिथं उष्णता कोंडलेली आहे तिथं तांबं, आणि ती पसरल्यावर हलकं अॅल्युमिनियम, अशी वाटणी केलेली असते. हा कंजूषपणा नव्हे, विचारपूर्वक केलेली रचना आहे. एक मात्र लक्षात ठेवा, साच्यात ओतलेल्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची क्षमता शुद्धाच्या निम्म्यावर येऊ शकते. कारण तेच, पितळेचं.

तिसरी कडी : वाफेची नळी

साध्या कूलरमध्ये तांब्याच्या गड्ड्याभोवती अॅल्युमिनियमच्या पात्या असतात आणि गोष्ट तिथंच संपते. जरा बऱ्या कूलरमध्ये तळातून वर जाणाऱ्या, बोटाहून बारीक, वाकवलेल्या तांब्याच्या नळ्या दिसतात. बहुतेकांना वाटतं त्या भरीव आहेत. त्या पोकळ आहेत, आणि सगळ्या कूलरमध्ये बुद्धीचं काम कुठं असेल तर ते इथं.

नळीच्या आतली हवा काढून टाकलेली असते, आत थोडंसं पाणी असतं, आणि दोन्ही टोकं कायमची बंद. आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर असतं. हवा काढल्यामुळे आतला दाब फार कमी असतो, म्हणून पाण्याला उकळायला १०० अंश लागत नाहीत, ४०-५० अंशांवरही त्याची वाफ होते. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, ती दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथं पात्यांच्या संगतीनं निवते आणि पुन्हा पाणी होते. मग ते पाणी सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, पहिल्या टोकाला परत येतं. मोटर नाही, झडप नाही, आवाज नाही. ही कल्पना १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी पुढे आणली, आणि आधी ती अवकाशयानांत वापरली गेली.

पाणी किती लागतं? ५० अंशांवर एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे ६५ वॅट वाहून न्यायला मिनिटाला साधारण दीड ग्रॅमच्या जरा वर पाण्याची वाफ झाली की काम झालं. चमचाभरही नाही. आणि तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं.

आता आपल्या ताट्यांच्या कूलरकडे पुन्हा पाहा. तत्त्व एकच आहे, वाफ होताना उष्णता घेतली जाते. पण आपला कूलर वाफ सोडून देतो, म्हणून त्याला दिवसभर पाणी लागतं. नळी वाफ परत मिळवते, म्हणून तिला पुन्हा भरावं लागत नाही. मात्र फुकट काही मिळत नाही. वाफ सोडून देणारा कूलर हवेला तिच्या तापमानाच्या खाली नेतो. वाफ राखून ठेवणारी नळी फक्त वाहतूक करते.

चौथी कडी : पात्या आणि पंखा

उष्णता शेवटी द्यायची हवेला, आणि हवा नाखूश आहे हे आपण पाहिलं. नाखूश गिऱ्हाइकाला माल विकायचा तर दुकानं वाढवावी लागतात. पात्या म्हणजे ती दुकानं. १२ सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद, अशा ५० पात्या धरा. प्रत्येकीच्या दोन्ही बाजू मोजल्या तर एकूण ६००० चौरस सेंटीमीटर होतात. सुरुवात झाली होती दीड चौरस सेंटीमीटरपासून. म्हणजे चार हजारपट पसारा.

पात्या आणखी दाट का लावत नाहीत? कारण दाट झाल्या की हवा आत शिरत नाही. दोन पात्यांत दोन मिलिमीटरच्या आसपास फट ठेवतात. आणि याच फटींमध्ये आपल्याकडची धूळ जाऊन बसते. राईस मिलच्या ऑफिसातला कॉम्प्युटर कधी उघडून पाहा. कोंड्याच्या भुकटीचा अक्षरशः नमदा पात्यांवर बसलेला असतो, आणि पंखा त्या नमद्याला वारा घालत असतो.

हवा किती लागते त्याचाही हिशेब सोपा आहे. हवा दहा अंशांनी तापवून बाहेर सोडायची तर ६५ वॅटसाठी सेकंदाला साडेपाच ते सहा लिटर हवा पात्यांमधून गेली पाहिजे. ती जाईना तर पंख्याचा वेग वाढतो. पण वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते आणि पंख्याला वीज मात्र आठपट लागते, आवाज वाढतो तो निराळा. तेव्हा पंखा अचानक ओरडायला लागला तर त्याला दोष देऊ नका. साखळीत कुठंतरी अडलंय, हे तो सांगतो आहे.

जानेवारी आणि मे

आता चारही कड्या एकत्र करू. उष्णतेच्या वाटेतल्या सगळ्या अडथळ्यांची बेरीज एका आकड्यात मांडता येते : एका वॅटमागे किती अंश. उदाहरणासाठी, नीट बसवलेल्या स्वच्छ कूलरचा हा आकडा ०.६ धरू. ६५ गुणिले ०.६ म्हणजे ३९. प्रोसेसर आपल्या पेटीतल्या हवेपेक्षा ३९ अंशांनी गरम राहील.

जानेवारीत खोली २० अंशांवर, पेटीत आणखी पाच, म्हणजे २५. प्रोसेसर ६४ वर. मे महिन्यात खोली ४३, पेटीत ४८. प्रोसेसर ८७ वर. गरम आहे, पण चालतोय.

आता पेस्ट वाळली, धूळ बसली, आणि आकडा ०.९ झाला असं समजा. फरक ५८ च्या वर गेला. जानेवारीत प्रोसेसर ८३-८४ वर, कुणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्यात मात्र १०६ व्हायला पाहिजे. तेवढं होऊ न देण्याची व्यवस्था प्रोसेसरमध्येच असते. १०० च्या आसपास गेला की तो स्वतःचा वेग कमी करतो, कमी वीज घेतो, कमी तापतो. तो जळत नाही, मंद होतो. आणि समोर रांगेत उभ्या असलेल्या मुलीला सांगितलं जातं, 'मशीन जुनी आहे, उद्या या.'

इथं कारण कोणतं? उन्हाळा? उन्हाळा हे निमित्त आहे. दोष जानेवारीतही तेवढाच होता, फक्त तो झाकलेला होता. निमित्ताला कारण समजलं की उपाय चुकतो. उन्हाळा आपल्या हाती नाही म्हणून आपण हात टेकतो, किंवा यंत्रच बदलतो. कारण ओळखलं की उपाय हाताशी असतो. आणि नवं यंत्र घेतलं तरी त्याच खोलीत, त्याच धुळीत दोन-तीन वर्षांनी तोच मे महिना पुन्हा येणार आहे.

कूलर हातात घेऊन काय पाहावं

यंत्र बंद करून, प्लग काढून, मगच पेटी उघडा. पंखा बोटानं फिरवून पाहा. सहज फिरला पाहिजे, डगमगता कामा नये. ब्लोअरनं धूळ काढताना पंख्याचं पातं धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं.

कूलर काढायचा असेल तर आधी यंत्र दहा मिनिटं चालवून मग बंद करा, म्हणजे पेस्ट मऊ होते. सरळ वर ओढू नका, हलके पिळत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं दोन्ही बाजूंनी पुसा. तळावर स्टीलच्या पट्टीची कड उभी धरून उजेडाकडे पाहा. मधून उजेड दिसला तर तळ सपाट नाही. पात्या नळीवर घट्ट बसल्यात का ते पाहा. एखादी पाती नळीवर हलत असेल तर तिथंही संयोग तुटलेला आहे. नव्या कूलरच्या तळाला प्लास्टिकची पातळ झिल्ली असते, ती काढायला विसरू नका. ती तशीच ठेवून बसवलेले कूलर दुरुस्तीवाल्यांना नेहमी सापडतात.

बसवताना चारही पाय समोरासमोरच्या जोडीनं, थोडेथोडे आवळा. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतो तसे. एक पाय आधी पूर्ण आवळला तर तळ तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला सरकते. प्लास्टिकच्या खुंट्या असतील तर बोर्डाच्या मागून चारही पूर्ण बाहेर आल्यात ना, ते डोळ्यांनी पाहा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : कॉम्प्युटरच्या खोलीत ताट्यांचा कूलर लावला तर चालेल का? ओलाव्यानं बिघडणार नाही?

उत्तर : दवाचे थेंब तिथंच धरतात जिथं पृष्ठभाग हवेपेक्षा पुरेसा थंड असतो. चालू कॉम्प्युटरचे भाग हवेपेक्षा गरम असतात, तेव्हा त्यांच्यावर थेंब धरणार नाहीत. तुषार मात्र थेट अंगावर येता कामा नयेत, म्हणून कूलरच्या झोतासमोर पेटी ठेवू नका, आणि एक खिडकी उघडी ठेवा. खोली ४३ वरून ३२ वर आली तर प्रोसेसरही जवळपास ११ अंशांनी उतरतो. सेवा केंद्रात बसलेल्या माणसालाही बरं वाटतं, ते वेगळंच.

प्रश्न : मग पितळेला या क्षेत्रात काहीच जागा नाही का?

उत्तर : आहे ना. जुन्या ट्रकांच्या रेडिएटरमध्ये पाण्याच्या नळ्या पितळेच्या आणि पात्या तांब्याच्या असत, कारण नळीला कणखरपणा हवा आणि झाळकाम नीट व्हायला हवं. कॉम्प्युटर पाण्यानं थंड ठेवायच्या पद्धतीतही नळ्या जोडायचे सांधे बहुधा पितळेचेच, वरून निकेल दिलेले असतात. जिथं आटे पाडायचे आणि गळती रोखायची तिथं पितळ.

प्रश्न : मोठ्या संगणकांचं काय? तिथं एवढे पंखे कसे पुरतात?

उत्तर : पुरत नाहीत, म्हणून तिथं पाणी थेट प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्टीपर्यंत नेतात. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक याच पद्धतीचा. पण लक्षात घ्या, तिथंही पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ती इमारतीबाहेर नेते आणि शेवटी हवेलाच देते. आपल्या ६५ वॅटच्या कॉम्प्युटरपासून त्या महासंगणकापर्यंत शेवटचं गिऱ्हाईक एकच आहे.

वेळ संपत आली आहे, म्हणून एकच विनंती करून थांबतो. तुमच्या गावच्या शाळेत, वाचनालयात, ग्रामपंचायतीत जे कॉम्प्युटर आहेत ते फेब्रुवारीतच एकदा उघडून झाडून घ्या, आणि तीन-चार वर्षांत पेस्ट बदलली नसेल तर बदला. घरच्या कूलरच्या ताट्या आपण दर उन्हाळ्याआधी बदलतोच. त्याच दिवशी हेही उरकून टाकता येईल.